रुसव्याच्या सहा काठ्या

टाकळीत कुणाला काही विकत घ्यायचं असलं की आधी गोदाबाईला सोबत नेत. बैल असो, पाटा असो, लुगडं असो की जावई असो, तिची रीत एकच होती. वस्तूभोवती एकदा उजवीकडून फिरायचं, एकदा डावीकडून फिरायचं, आणि मग वस्तू सोडून विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. बैलाला खोटं बोलता येत नाही, त्याच्या मालकाला येतं, एवढाच तिचा अभ्यास. बैलबाजारात ती दिसली की व्यापारी आपली अधू जनावरं मागच्या रांगेत नेत, आणि ती आधी मागच्या रांगेतच जाई.

तरणीताठी असताना ती विधवा झाली. कुणब्यांत पाट लावायची चाल आहे, माणसं विचारायलाही आली. "एक पारखून घेतला होता, तो देवानं नेला," ती म्हणाली. "दुसरा पारखत बसाले मले वेळ नाई." मग ती भावाच्या, सूर्यभानच्या घरी येऊन राहिली. विधवेनं मांडवात पुढंपुढं करू नये असं गावाचं मत होतं. तिनं ते बिनतक्रार मानलं आणि मांडव सोडून उरलेलं सगळं जग आपल्या ताब्यात घेतलं.

हे त्या सालांतलं, जेव्हा अमेरिकेत भाऊबंदकी लागली होती आणि तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला होता. भांडण कुणाचं, कशापायी, हे टाकळीत कुणाला ठाऊक नव्हतं. पण ते मिटू नये म्हणून मारुतीला नारळ फोडणारे लोक मी नावानिशी सांगू शकतो. आगगाडीचे रूळ वाटेत बोरं वेचत यावेत तसे रमतगमत अकोल्यापर्यंत आले होते. काळ्या मातीतून पांढरं निघायचं आणि बाजारात जाऊन त्याचं पिवळं व्हायचं, असा तो काळ. सोनं झालं, आता ते ठेवायचं कुठं, हे कुणाला सुचेना. एकानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. दुसऱ्यानं गाडीच्या चाकाला चांदीची धाव चढवली, ती पहिल्याच नाल्यात वाकली. तिसऱ्यानं घड्याळ आणलं. ते वाजलं की घरातली सगळी माणसं हात जोडून उभी राहत.

तशात जावयांचे रुसवे महाग झाले. रुसव्याची रीत जुनी आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरदेव पंगतीला बसतो, पहिला घास उचलतो आणि तसाच खाली ठेवतो. म्हणजे तो रुसला. सासऱ्यानं विचारायचं, काय पाहिजे. त्यानं मान फिरवायची. शेवटी एखाद्या तांब्यावर नाहीतर पागोट्यावर राजी होऊन जेवायचं. तो जेवल्याशिवाय त्याच्या बाजूचं कुणी जेवत नाही, आणि व्याही उपाशी असताना मुलीकडचे जेवत नाहीत. बापजाद्यांच्या वेळी हा रुसवा वरण निवायच्या आत संपायचा. कापूस महागला तशी रुसव्यात घोडी आली, गळ्यातला गोफ आला, आणि वरण निवू लागलं.

सूर्यभानच्या सुभद्रेचं लग्न वैशाखात झालं. नवरा गोदाबाईनंच पारखला होता. भगवंत त्याचं नाव. घराणं अंजनगाव सुर्जीचं, पण तो अमरावतीला एका साहेबाच्या आवारात कापसाच्या वजनावर नजर ठेवायच्या कामाला होता. पानं घ्यायच्या निमित्तानं गोदाबाई अंजनगावला गेली, त्यांच्या ओट्यावर बसून दोन विडे खाल्ले, आणि परत येऊन म्हणाली, "पोरगा बरा हाय. बडबडते थोडा. पन खोटं बोलला की कान लाल होतात त्याचे. असा नवरा बाईले सोपा जाते."

तर दुसऱ्या दिवशी सकाळची पंगत बसली, भगवंतनं पहिला घास उचलला आणि खाली ठेवला.

सूर्यभाननं पागोटं सावरलं. "काय पाहिजे, जवाईबापू?"

"घोडी नोको मले," भगवंत म्हणाला. "गोफ बी नोको."

सूर्यभानला बरं वाटलं. तिथंच तो फसला.

"साहेबाच्या खेळाच्या काठ्या पाहिजे."

वाढणारे वाढायचे थांबले.

"कोनत्या काठ्या?"

मग भगवंतनं पाटावरूनच सगळं सांगितलं. त्याचा साहेब रोज सायंकाळी आवारामागच्या पडीक रानात जातो. तिथं जमिनीत भोकं करून ठेवली आहेत. लिंबाएवढा पांढरा चेंडू काठीनं मारत मारत तो एका भोकात घालतो.

"मंग?" गावातला म्हातारा नत्थुजी शेजारच्या पाटावर होता, त्यानं विचारलं.

"मंग काढते."

"मंग?"

"दुसऱ्या भोकात घालते."

नत्थुजीनं थोडा विचार केला. "आन निजामानं वऱ्हाड यायच्या हातात देल्लं," तो म्हणाला.

या खेळाला साहेब लोक गोल्फ म्हणतात असंही भगवंतनं सांगितलं. टाकळीनं ते एका कानानं ऐकलं आणि तिथंच सोडलं. पण त्याचं खरं म्हणणं पुढंच होतं. साहेबाला जोडीदार नाही. तो एकटाच खेळतो, एकटाच हरतो आणि एकटाच चिडतो. आपल्याजवळ स्वतःच्या काठ्या असल्या तर तो एक दिवस म्हणेल, ये भगवंत. आणि जो साहेबाबरोबर चालतो तो जन्मभर वजनकाट्याजवळ उभा राहत नाही.

"तुमाले खेळता येते का पन?" सूर्यभाननं विचारलं.

"काठ्या आल्या की येईन."

भगवंतची आई माणिकबाई बायकांच्या बाजूनं उठून उभी राहिली. बाई अंगानं भरभक्कम, आवाज त्याहून. "आमच्या पोरानं हत्ती नाई मांगतला, व्याहीबुवा. काठ्याच त मांगतल्या. दिवे लागेपावतर आल्या त ठीक. नाईतर आमी गाड्या जुंपतो. पोरगी ठेवा तुमच्या घरी, लोनचं घाला तिचं."

आत सुभद्रा हळद वाळलेल्या अंगानं बसून ऐकत होती. गाड्या तिच्याशिवाय गेल्या तर बोलायलाच नको. आणि बापानं पाय धरून, रडून भेकून तिला गाडीत बसवलं, तर त्या घरात तिची मान जन्मभर खालीच राहणार. हे मांडवात सगळ्यांना कळत होतं. कुणीतरी मागून म्हणालं, "नवरा पारखला कोनं?" तशी पंचवीस तोंडं एकदम चुलीकडे वळली.

चुलीजवळ बसलेली गोदाबाई उठली, हात झटकले आणि म्हणाली, "सूर्यभान, रेंगी जुंप."

रेंगी म्हणजे दोन माणसांची हलकी बैलगाडी. अमरावती तिथून तीन कोस. वैशाखातलं रान तुम्ही पाहिलं असेल तर मी काय सांगू. आणि पाहिलं नसेल तर सांगून कळायचं नाही. जमिनीला भेगा पडलेल्या असतात आणि त्या भेगांतून धरणी तोंड उघडून वर बघत असते. पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या चाकांनी ज्या चाकोऱ्या पाडल्या, त्या या दिवसांत दगड होऊन बसतात. रेंगी एकदा चाकोरीत पडली की बैल झोपले तरी अमरावतीच येते. वाटेत सूर्यभान एकदाच बोलला. "एखादी काठी घेऊ, झालं."

"एक?" गोदाबाई म्हणाली. "कुत्रं हाकलाले देऊन राहिला का जवायाले?"

साहेबांना लागणाऱ्या जिनसा छावणीजवळ नौशेरवानजी नावाचा पारशी विकायचा. मेणबत्त्या, टोप्या, डब्यातली बिस्किटं. गोल्फच्या काठ्या म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. एलिचपूरच्या छावणीतले सहा साहेब हैदराबादेकडे बदलून गेले होते, आणि जाताना आपापल्या काठ्यांची मोळी त्याच्या गळ्यात मारून गेले होते. वर्षभर त्या मोळ्यांकडे कुत्र्यानंही पाहिलं नव्हतं. त्यानं सहाही मोळ्या आणून जमिनीवर ठेवल्या.

"एक मोळी म्हंजे एक माणसाचा पूरा सामान, बाई. कोनती पन उचल."

गोदाबाई मोळ्यांभोवती उजवीकडून फिरली, डावीकडून फिरली. मग एका मोळीची दोरी सोडून तिनं काठ्या ओळीनं मांडल्या. एक लांब, एक आखूड. एकीचं डोकं लाकडाचं, बदकाच्या चोचीसारखं पुढं आलेलं. दुसरीचं लोखंडाचं, पात्यासारखं. तिसरीचं मुठीएवढं, पळीसारखं जरा खोलगट.

"हे काय हाय?" ती म्हणाली. "एकीचं तोंड दुसरीसारखं नाई. इकडून तिकडून गोळा केलं आन बांधलं."

"नहीं नहीं, बाई. ऐसाच असते. ये लांब मारने का. ये उंच उडाने का. ये भोकाजवळ आला तो हळूच ढकलने का."

"आन हे?" तिनं मुठीएवढ्या डोक्याची काठी उचलली.

नौशेरवानजीला ते ठाऊक नव्हतं. "ये," तो म्हणाला, "ये भी मारने का."

गोदाबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आतापर्यंतचं सगळंच खोटं आहे असा तिचा निकाल झाला.

"तू बैल घेतले का कधी, शेठ? एक उंच न् एक ठेंगना जुंपला त जू मानेले घासते, गाडी बांधावर जाते. पाटल्या घेतल्या त सारख्या घेतो मानूस. जोडे घेतले त सारखे. आन जवायाले देवाचं त पाचतोंड्या माल देऊ?"

तिनं बदकाच्या चोचीची काठी उचलली. डोकं आणि दांडा जिथं जुळत होते तिथं दोरा गुंडाळलेला होता. तिनं नखानं दोरा सरकवला आणि वास घेतला. "सरसानं चिकटवलं हाय हे. सूर्यभान, वास घेऊन पाय. डोकं चिकटवलेला मानूस मी नवरा म्हनून पाह्यला नसता, काठी कायले घेऊ?" दांडा तिनं गुडघ्यावर टेकवून वाकवला. धावड्याहून हलकं, तिवसासारखं लवणारं लाकूड होतं. "लाकूड बरं हाय," ती म्हणाली. "परदेशी हाय, पन बरं हाय."

मग तिनं सहाही मोळ्या सोडल्या. प्रत्येक मोळीत मुठीएवढ्या डोक्याची एक काठी होतीच. त्या सहा तिनं वेगळ्या काढून शेजारीशेजारी निजवल्या. डोकी जाड, लोखंडी, आणि सहाही बहिणी-बहिणी. वीत लावून पाहिलं तर एकीचा दांडा दोन बोटं लांब निघाला. तिनं नौशेरवानजीकडून करवत मागून घेतली आणि तो सूर्यभानकडून तिथंच कापवला.

"बाई," नौशेरवानजी कपाळाला हात लावून म्हणाला, "तू सहा साहेबांचा सामान मोडला."

"मी जोडी लावली," गोदाबाई म्हणाली.

भाव सूर्यभाननं विचारला नाही. त्या सालांत भाव विचारणं चिकटपणाचं समजत. तिनं मात्र विचारला, आणि वर बिस्किटांचा एक डबा फुकट मागून घेतला. ती बिस्किटं वाटेत बैलांनी खाल्ली. माणसांची हिंमत झाली नाही.

रेंगी टाकळीच्या शिवेत शिरली तेव्हा सूर्य बाभळीआड गेला होता. माणिकबाईचे बैल जुंपून तयार होते. मांडवातली माणसं भुकेनं इतकी गप्प झाली होती की दुरून सुतक वाटावं. एकटा नवरदेव तेवढा ताजातवाना होता. त्याच्या धोतराला बुंदीचे कण चिकटले होते. आईची माया असते.

गोदाबाईनं मोळी त्याच्यापुढं सोडली. त्यानं एक काठी उचलली, दुसरी उचलली, तिसरी उचलली.

"साऱ्या एकच?"

"एकीले झाकावं न् दुसरीले काढावं," सूर्यभान अभिमानानं म्हणाला.

"साहेबाच्या येगयेगळ्या रायतात."

"तुमचा साहेब गरीब असन," गोदाबाई म्हणाली. "जमन तशी एकेक जमवली असन बिचाऱ्यानं. आमी एकदमच घेतल्या."

मांडव हसला. माणिकबाईचा चेहरा पालटला. साहेबापेक्षा वरचढ वस्तू मिळाल्याचं तिच्याइतकं लवकर कुणालाच कळलं नव्हतं. "घे बापा, भगवंता," ती म्हणाली. "चांगल्या हायेत. वजनदार हायेत." पण भगवंतचं तोंड पडलेलंच होतं.

"माय, तुले नाई समजत. ही काठी साहेब कवा काढते? चेंडू गाडीच्या चाकोरीत पडला की तवा. बाकी येळी दुसऱ्या काढते."

"दुसऱ्या कवा?" नत्थुजीनं विचारलं.

"चेंडू चाकोरीच्या बाहेर असला की."

"चाकोरीच्या बाहेर वऱ्हाडात जागा हाय कुठं?"

"मारून त दाखवा," गोदाबाई म्हणाली.

भगवंतनं कमरेच्या खोचीतून चेंडू काढला. साहेबाचे चेंडू जमिनीच्या भेगांत जात, त्यातलाच एक त्यानं काडीनं उकरून ठेवला होता. सगळे मांडवाबाहेर आले. त्यानं चेंडू सपाट जागी ठेवला, पाय फाकवले, डोळे बारीक केले आणि काठी फिरवली. वारा आला. पुन्हा फिरवली, तशी मातीचं ढेकूळ उडून सनईवाल्याला लागलं. तिसऱ्यांदा चेंडूला काठीचा ओझरता धक्का लागला आणि तो घरंगळत जाऊन एका चाकोरीत बसला.

"कुदळीसारखी मारा," नत्थुजी म्हणाला. "पाळन्याची दोरी हालवल्यासारखी कायले हालवता?"

भगवंतनं कुदळीसारखी मारली. ते मुठीएवढं डोकं चाकोरीत असं अलगद बसलं की जणू म्यानात तलवार. खट्ट आवाज झाला. चेंडू मातीसकट वर उसळला, कडुनिंबावरून गेला, आणि पलीकडच्या वावरात दुसऱ्या चाकोरीत जाऊन पडला.

रुसलेला माणूस पळत नाही, हा रुसव्याचा पहिला कायदा. भगवंत पळाला. धोतर सावरत तो त्या चाकोरीशी गेला, तिथून मारलं, पुढं पळाला. पागोटं बांधावर पडलं, त्यानं उचललं नाही. थोडी पोरंसोरं, थोडे म्हातारे त्याच्यामागं गेले आणि उपाशीपोटी दमून परत आले. खट्ट, खट्ट असा आवाज नाल्याकडे लांब लांब जात राहिला.

दिवे लागले. जुंपलेले बैल माणिकबाईनं गुपचूप सोडायला लावले. नवरदेवच नाही तर गाड्या नेणार कुणाला? रुसवा मिटला होता, पण घास अजून उचललेला नव्हता, म्हणून सगळे पाटाशी बसून वरणाकडे बघत होते. माणिकबाईनं नाल्याच्या दिशेनं हाका मारल्या. नाल्यानं ओ दिली नाही.

तेव्हा सुभद्रा आतून उठून आली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं आणि तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. ती मांडवाच्या तोंडाशी, येणाऱ्याला ओलांडताच येणार नाही अशी आडवी बसली.

"काय वो, काय झालं?" माणिकबाईनं विचारलं.

"मी रुसली."

"नवरीचा रुसवा कुठं आयकला का कोनं?"

"काठ्यायचा रुसवा तरी कोनं आयकला होता, इहीनबाई?" चुलीजवळून गोदाबाई म्हणाली.

भगवंत आला तो मातीनं माखलेला, पागोट्याशिवाय आणि चेंडूशिवाय. चेंडू शेवटी एका भेगेनं गिळला होता. पण तोंड असं फुललं होतं की आदल्या दिवशी बोहल्यावरही तसं नव्हतं. वाटेत बायको बसलेली पाहून तो थांबला. कुणीतरी त्याला सांगितलं, रुसली आहे. आता रीत सगळ्यांना एकच. रुसलेल्याला विचारावं लागतं.

"काय पाहिजे?" तो म्हणाला.

"निम्म्या."

"कायच्या निम्म्या?"

"काठ्यायच्या."

"तुले कायले?"

"तुमी असे पळाले त मांगून मीच येईन ना पाह्याले? का रिकाम्या हातानं येऊ?"

साहेबाची मोळी असती तर इथं भांडण ठरलेलं होतं. लांब मारायची कुणी घ्यायची, हळूच ढकलायची कुणी घ्यायची, हे विचारत पहाट झाली असती. या सहा मात्र भाकरीसारख्या मधोमध मोडत होत्या. भगवंतनं हातातली काठी पाहिली, ढिगातल्या पाच पाहिल्या, आणि हातातलीसह तीन तिच्या मांडीवर ठेवल्या. मग हातातली होती तीच परत उचलली, कारण तिच्यावर माती होती.

"पुसून देतो," तो म्हणाला.

"राहू द्या. जेवा आधी."

तो जेवला. वरण दगड झालं होतं. तरी वाढणाऱ्यांना उसंत मिळाली नाही.

सकाळी पाठवणी झाली. सुभद्रा थोडी रडली, तेही गालांवर हळद असताना शोभेल इतकंच. विधवेनं वाटेत येऊ नये म्हणून गोदाबाई गोठ्याच्या कुडाआडून बघत होती. गाडीत पुढच्या गादीवर माणिकबाई ऐसपैस बसली होती, सुनेसाठी मागं, चाकाच्या धुळीत जागा ठेवून. सुभद्रा तीन लोखंडी काठ्या उराशी धरून गाडीशी आली आणि उभी राहिली. माणिकबाईनं काठ्यांकडे पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आपलं लुगडं आवरून घेत गादीवर सरकली.

"बस माय," ती म्हणाली. "इकडं बस, सावली हाय."